सशाचा कोपरा

५ ऑक्टोबर २००३, रविवार
धम्मचक्र प्रवर्तन दिन. मुहूर्त वगैरे आम्ही मानत नाही. पण शहापुरातल्या नव्या ब्लॉकमध्ये राहायला यायला आजचा दिवस बरा वाटला. हॉल, किचन, बेडरूम. आईला कालच धसईहून आणलं. तिथलं घर बंद.

आईचा पलंग हॉलमध्ये. धसईला होता अगदी तसाच लावला. उशी पूर्वेला, भिंत डाव्या हाताला. म्हणजे तिला परकं वाटणार नाही. ही कल्पना माझी. पत्नी वंदनाचं म्हणणं, पलंग बाथरूमजवळ लावू या. सौंदर्यदृष्टीचा अभाव. डाव्या कोपऱ्यात माझं संस्कृत ग्रंथांचं कपाट. आईच्या नजरेसमोर सतत ज्ञान.

धसईचा आमचा शेजारी कुंडलिक आमच्या लेकीसाठी, पिंकीसाठी, ससा घेऊन आला. पाटीत झाकून आणला होता. एवढंसं पिल्लू, तपकिरी. पिंकी सहावीत आहे, पण नाचली दुसरीतल्यासारखी.

रात्री जनाचा मुरबाडहून फोन. "दादा, आईला हल्ली सुचत नाय. अनोळखी घरात बावरेल ती. माझ्याकडं ठेव." धाकटी बहीण आहे, पण बोलते थोरलीसारखी. मी म्हटलं, आई ठणठणीत आहे. जना म्हणाली, भात झोडून झालं की बघायला येते, आणि तसं काही दिसलं तर घेऊन जाते. ये म्हटलं. काही दिसणार नाही.

७ ऑक्टोबर
पिंकीने सशाचं नाव 'चिकू' ठेवलं. मी 'विनय' ठेवलं. विनय म्हणजे शिस्त. घरात कोणी विनय म्हणत नाही, पण नोंदीत तेच राहील.

प्रश्न एकच, सशाच्या शी-शूचा. फरशी नवी, पांढरी. एका इंग्रजी मासिकातलं कात्रण मिळवून वाचलं. ससा बुद्धिमान असतो. स्वतःच एक कोपरा पसंत करतो. तिथे घमेलं ठेवावं, आत कागद आणि भुसा घालावा, त्याची थोडी ओली घाण मुद्दाम आत ठेवावी, म्हणजे वासाने त्याला जागा कळते. रागावू नये. सोपं आहे. नववीच्या वर्गाला संस्कृतचे संधी शिकवलेल्या माणसाला ससा काय अवघड?

पंधरवड्यात पूर्ण शिस्त. जना यायच्या आत.

१० ऑक्टोबर
वखारीतून भुसा आणला. कागद घरचाच. ज्या दैनिकाचा मी तालुका वार्ताहर आहे, त्याचा कालचा अंक. आतल्या पानावर माझी बातमी होती: 'तानसा धरणाच्या कुशीतली गावं तहानलेली'. विनयने नेमकी त्याच बातमीवर पहिली लघवी केली. माझ्या बातमीची इतकी तातडीने दखल आजवर कोणी घेतली नव्हती.

लेंड्या मात्र घमेल्याबाहेर, सोफ्याखालीही. परिस्थिती नियंत्रणात आहे.

११ ऑक्टोबर
आईने ससा मांडीवर घेतला आणि दुपारभर ठेवला. त्याला आमच्या शेतांची नावं सांगत होती. वरची खाचरं, नदीकडची पट्टी, वडाखालचं. एकही चुकलं नाही. जनाने हे ऐकायला हवं होतं.

मग मला विचारलं, "हे कुनाचं घर रे, इंद्रा? लई चांगलं हाय. आपुन कवा जायाचं?" आईचा विनोद अजून शाबूत आहे.

१४ ऑक्टोबर, सकाळी
धक्का. ग्रंथांच्या कपाटापुढे पाणी. खालच्या कप्प्यातल्या कोशाची पाठ भिजून फुगली आहे. विनयने दुसरा कोपरा पसंत केला, हे उघड आहे. न्यायशास्त्रात डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे असं मानतात. घरात फरशी ओली दिसली की ससा मानावा. अनुमान निर्दोष.

फक्त प्रमाण जरा चकित करणारं. ससा ओंजळीत मावतो आणि पाणी तांब्याभर.

१५ ऑक्टोबर
पुन्हा. कोथिंबिरीत पाण्याचा अंश फार असतो. कोथिंबीर बंद. कोबी बंद. पिंकीने तोंड फुगवलं. शास्त्राला इलाज नाही.

१७ ऑक्टोबर
वंदनाने आज पूर्वपक्ष मांडला. फडकं पिळता पिळता म्हणाली, "अहो, सशाचं नाही हे." मग कोणाचं, असं मी विचारलं. ती बादली घेऊन आत गेली. ज्या पूर्वपक्षाला पुढे बोलता येत नाही, त्याचं खंडन करायची गरज नसते.

तरीही खबरदारी म्हणून घमेलं कपाटापुढच्या त्याच कोपऱ्यात नेलं. कात्रणात तसंच म्हटलंय: त्याने निवडलेली जागा मान्य करा.

१८ ऑक्टोबर
घमेलं सकाळी पलंगाखाली सापडलं. कोणीतरी सरकवून ठेवलेलं. कोपरा ओला. पलंगाखालच्या घमेल्यात मात्र विनयचं सगळं व्यवस्थित. म्हणजे तो दोन्हीकडे जातो. दुटप्पी स्वभाव. याच्यावर बारीक लक्ष हवं.

२५ ऑक्टोबर
दिवाळी म्हणून कॉलनीत दिवे. आम्ही साधेच. पिंकीने फटाके वाजवले नाहीत, ससा घाबरतो म्हणून. आईने त्याचे कान दोन्ही हातांनी झाकून धरले होते. छान दिसत होते दोघं. मी 'तालुक्यात दिवाळी उत्साहात' अशी बातमी पाठवली.

आई संध्याकाळी वंदनाला म्हणाली, "बाय, तू कुनाची गो?" वंदना म्हणाली, "तुमचीच." आई हसली. सासूसुनेचं असं गोड बोलणं हल्ली दुर्मिळ झालंय.

२९ ऑक्टोबर
या आठवड्यात रोज. मी विनयला समोर बसवून समजावलं, पण रागावलो नाही. तो नाक हलवत राहिला. नववी ब सुद्धा असंच ऐकते.

कोश उन्हात वाळत घातला आहे. 'ह'पासून पुढची पानं एकमेकांना चिकटली.

२ नोव्हेंबर, रविवार, दुपारी
पेपर वाचत खुर्चीत होतो. आई पलंगावरून उठली, भिंतीला हात लावत लावत कोपऱ्यापर्यंत गेली. जाताना वाटेतलं घमेलं पायाने बाजूला सारलं. लुगडं आवरून बसली. मी पेपर तोंडासमोर धरला. अग्रलेख होता, साखरेच्या दरांवर.

मग तांब्यातलं पाणी ओतल्याचा आवाज. मग तिची हाक: "इंद्रा, मोरी तुंबली रे. पानी जात नाय."

धसईच्या घरात त्याच कोपऱ्यात मोरी आहे. पलंगावरून उतरलं की डाव्या हाताची भिंत, आणि भिंत संपली की मोरी. आई लग्न होऊन आली तेव्हापासून ती मोरी तिथेच आहे.

आई बिचारी सशाने केलेलं धुवत होती, असं मी वंदनाला सांगितलं. वंदनाने माझ्याकडे पाहिलं आणि फडकं माझ्याच हातात दिलं. मी पुसलं.

३ नोव्हेंबर
पलंगाची दिशा बदलावी, असं वंदना म्हणते. नको म्हटलं. दिशा बदलली म्हणजे काही बिघडलंय हे मान्य केल्यासारखं होईल. तसं काही बिघडलेलं नाही.

७ नोव्हेंबर
जनाचा फोन. भात झोडून झालं. पुढच्या रविवारी येते. आई कशी आहे, विचारलं. ठणठणीत, म्हटलं. ससा थोडा त्रास देतो, बाकी काही नाही. जना म्हणाली, "कुठला ससा?" सगळं सांगितलं. कोपरा नेमका कुठला, एवढंच तिने विचारलं. एसटीडीचं बिल तिचंच, म्हणून मी सविस्तर सांगितलं.

९ नोव्हेंबर, रविवार
निर्णय घेतला. जना येईल तेव्हा घर कोरडं हवं. कुंडलिक बाजाराच्या कामाने शहापुरात आला होता, त्याच्याकडे विनय सोपवला. घमेल्यासकट. कुंडलिक म्हणाला, "मास्तर, काय गुन्हा केला ओ यानं?" शिस्त लागली नाही, म्हटलं. त्याने सशाकडे पाहिलं आणि पाटी झाकली.

पिंकी दार लावून बसली आहे. 'पप्पा' म्हणायचं तिने बंद केलंय.

आईने संध्याकाळी आपल्या रिकाम्या मांडीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली. "गेला का?" म्हणाली. चार दिवसांसाठी गेलाय, म्हटलं. "मला सांगून जायाचा व्हता," म्हणाली.

११ नोव्हेंबर
कोपरा ओला. जुनी ओल असणार. नवी फरशी खालून झिरपते म्हणे. बिल्डरला भेटायला हवं.

१३ नोव्हेंबर
कोपरा ओला. घरात ससा नाही. अनुमान कुठे घसरतंय ते शांतपणे बसून पाहायला हवं. आज वेळ नाही, पंचायत समितीची बैठक आहे.

१५ नोव्हेंबर
उद्या जना. कोपऱ्यात भुसा पसरला, वर गोणपाट, गोणपाटावर मोठी कुंडी. कुंडीत मनीप्लँट. अतिशय शोभिवंत. वंदना म्हणाली, "अहो, आईंना रात्री कुंडीवर पडायचंय का?" कुंडी काढली. गोणपाट ठेवलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
जना दुपारी आली. पिशवीत नवे तांदूळ, पिंकीला चिंचेच्या गोळ्या. आईच्या पलंगावर बसली, आईचे केस विंचरले. सगळं सुरळीत. आई तिला नावाने हाक मारत होती. मी जनाकडे अशा नजरेने पाहिलं की, बघ.

मग आईला उठावंसं वाटलं. भिंतीला हात. मी म्हटलं, आई, इकडून, बाथरूम इकडे. ती थांबली नाही. गोणपाट काळं पडलं. मी ताबडतोब म्हणालो, सशाचा वास राहिलाय तिथे, ससाच करायचा रोज. दारातून पिंकी म्हणाली, "चिकू धसईला आहे." इतक्या दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, आणि तेही हेच.

जनाने मला सुनवायला सुरुवात केली. "दादा, शिकल्यासवरल्यासारखं वाग जरा. सशावर घालतोस? त्या मुक्या जनावराला बोलता येत नाय म्हणून?" तिचं बरोबर होतं, पण आवाज फार होता.

तेव्हा आई बोलली. पदर खोचत, खाली बघत. "गप गो जना. त्याला ससा वाटतंय ना, वाटू दे. त्याला बरं वाटतं तवा."

मग मला म्हणाली, "मलाबी कळतं रे इंद्रा, मागनं. ही मोरी नाय. पर पाय तिकडंच जातात."

वंदना फडकं घेऊन आली होती. तिच्या हातातून मी ते घेतलं. जनाने माझ्याकडून घेतलं. शेवटी कोणी पुसलं, आठवत नाही.

१७ नोव्हेंबर
हवापालट म्हणून आई थोडे दिवस मुरबाडला. तात्पुरतं आहे. जनाच्या घरात मोरी चुलीमागे, डाव्याच हाताला. ते मी मुद्दाम विचारून घेतलं.

एसटी स्टँडवर आईने खिडकीतून माझा हात धरला. "तो आला म्हंजी त्याला सांग, मी गेली म्हनून." कोणाला, असं विचारायची गरज नव्हती. गाडी हलली तेव्हा ती कंडक्टरला विचारत होती, ही गाडी धसईला जाते ना. जना हो म्हणाली.

परत आल्यावर 'मुरबाड रस्त्याची दुरवस्था' अशी बातमी लिहिली. गाडी फार हळू जाते तिथून.

२३ नोव्हेंबर, रविवार
वंदनाने पलंग उभा करून भिंतीला टेकवला. हॉल मोठा दिसतो. मी म्हटलं, राहू दे आडवाच, आई येईल. ती तो पुन्हा आडवा करायला लागली. मी दुसरी बाजू धरली. या वेळी बाथरूमजवळ लावला.

३० नोव्हेंबर, रविवार
कुंडलिक विनयला घमेल्यासकट परत घेऊन आला. पिंकीसाठी मीच निरोप धाडला होता. ससा बराच मोठा झालाय. कुंडलिक म्हणाला, "मास्तर, याला तुमी काय शिकवलंय ओ! माझ्या अंगणात कुठंबी करीत नाय. तुमचं घमेलं कुठंबी ठेवा, शोधत येतो. घमेल्यात बसल्याबिगर करीतच नाय."

घमेलं पलंगाशेजारी ठेवलं, आत कालचा अंक. विनय उडी मारून आत बसला, काम केलं, बाहेर आला. एक थेंब बाहेर नाही. पिंकी टाळ्या वाजवत म्हणाली, "पप्पा, बघा." मी पाहिलं. प्रशिक्षण यशस्वी झालं आहे. तशी नोंद करायला हरकत नाही.

नंतर तो पलंगावर चढला आणि उशीजवळ नाक हलवत बसला. आई मुरबाडला गेली, असं त्याला सांगितलं. निरोप होता.

जेवणानंतर कपाटापुढच्या कोपऱ्यात फरशीला हात लावून पाहिला. कोरडी होती. थोड्या वेळाने पुन्हा लावून पाहिला.