दुसऱ्या बुरुजाची दोरी

सौ. स्तांकास ओप्रेआचा आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. लापशी आणि मेंढीचं चीज पोटभर मिळतं. तुझे गुडघे कसे आहेत?

कालपरवापर्यंत मेंढरं राखणारं हे घराणं आता राजघराणं झालंय. पहिला बुरूज टिकेना, तेव्हा थोरल्या राजाने स्वतःची सावली दोरीने मोजून ती दोरी भिंतीत चिणायला लावली. बुरूज टिकला, राजा महिनाभरात गेला. आता मुलाचा बुरूज रोज ढासळतोय. आम्ही गवंडी उन्हात उभेच राहत नाही.

काल नवा राजा दोरी गुंडाळत जवळ आला. गोड हसून म्हणाला, “ओप्रेआ, तुझी पोर केवढी झाली रे?”

“अजून रांगते, महाराज.”

त्याची माणसं आपल्या गावी दगड बघायला निघालीत. ती परतेपर्यंत आपल्या इलिंकाला अंगणात पळू देऊ नकोस.

तुझा ओप्रेआ