नाव न घेता

२ फेब्रुवारी १९८७, पारोळा

महिला संघाच्या गृहभेटीला ताईबाईकडे गेले होते. तिची एस्तेर धरणगावला द्यायची ठरते आहे, म्हणून हौसेने गेले – तर तिने दार लावून घेतलं आणि हाताचं फडकं सोडलं. मनगट भाजलेलं. "तवा लागना. माले समजनंच नही." भोवती फिकट डाग. टाचणी टोचली, तरी कळलं नाही. तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, कुष्ठरोग आहे, पण सुरुवात आहे. गोळ्या नीट घेतल्या तर पूर्ण बरा होतो.

वाटेत तिने माझा हात घट्ट धरला. "कोणले सांगू नको, अक्का. पोरनं लगन शे."

नाही सांगणार, म्हटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

प्रार्थनासभा. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाची काही विनंती? मी उभी राहिले. नाव घेतलं नाही. "प्रभो, आमच्या एका बहिणीच्या हाताला बरं कर. विस्तवाने भाजलं तरी तिला कळत नाही. तिच्या लेकीचं लग्न सुखरूप पार पाड." बायका आमेन आमेन म्हणत होत्या, तशी प्रार्थना लांबत गेली. बरं वाटलं. हे असते तर म्हणाले असते, आता तू पाळकीणबाईंसारखी बोलतेस!

५ फेब्रुवारी

हाताला फडकं बांधलेली आणि लेकीचं लग्न काढलेली, अशी आमच्या मंडळीत दुसरी कोण आहे? हे मला आज नळावर कळलं. कमलबाई म्हणाली, "ताईबाईले महारोग शे ना? तू कालदिन बोलनी." मी म्हटलं, मी नाव घेतलं नाही! ती हसली – "नाव लेवानी काय गरज व्हती, अक्का?"

९ फेब्रुवारी

ताईबाईने दार उघडलं नाही. आत भांडी वाजत होती.

१४ फेब्रुवारी

काल धरणगावहून नकार आला. आज सकाळच्या एसटीने मीच गेले. मुलाची आई, यशोदाबाई, ओट्यावर डाळ निवडत होती. "बसा" म्हणाली नाही. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. गोळ्यांनी बरा होतो, पोरीला तर काहीच नाही. हात जोडले. ती वर न बघता म्हणाली, "आम्हीबी तुमनाकरता प्रार्थनाच करी ऱ्हायनूत, बाई."

कमलबाईची बहीण तिथल्या मंडळीत आहे. तिनेही विनंती केली म्हणे – नाव न घेता. माझीच प्रार्थना माझ्याआधी धरणगावला पोचली होती.

परतताना खिडकीशी तोंड करून रडले. हे गेले तेव्हा किती जण येऊन मला बायबलमधली वचनं वाचून दाखवत. ताईबाईला वाचता येत नाही. ती यायची, चूल पेटवून द्यायची, चहा होईपर्यंत बसायची आणि जायची. मी मागून गीतांच्या पुस्तकावर बोट फिरवत फिरवत वाचायला शिकले. ताईबाईसारखं गप्प बसायला शिकले नाही.

१ मार्च, रविवार

प्रभुभोजन. आमच्याकडे प्याला एकच, हातोहात फिरतो. ताईबाई सगळ्यांच्या मागे, सतरंजीच्या कडेला. तिच्या शेजारी कोणी नाही. मी उठून तिथे जाऊन बसले. ती प्याली, मग तिच्या हातून घेऊन मी प्याले. सगळी मंडळी बघत होती.

बाहेर चपला घालताना तिने विचारलं, "दखाडाले पिनी का?"

काय सांगू? दाखवायला – थोडं तसंही होतं.

४ मार्च

"कोणाची विनंती?" म्हणताना पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बसून राहिले.

१० मार्च

एस्तेर भेटली. पोर वाळली आहे. शिवणाचा क्लास सोडला. आई गोळ्या घेते का विचारलं. "घेते. पण मावशी, तुम्ही आता आमचं काही विचारू नका." रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

१९ मार्च

दुपारी यशोदाबाई दारात! धरणगावहून एकटीच आली. मी दार लावेपर्यंत बोलली नाही. मग पाऊल पुढे केलं. तळव्याला जखम, जुनी. कधी झाली ते तिलाही कळलं नाही. घरात कोणाला माहीत नाही. सोयरीक झाली असती तर ताईबाईमुळे कुष्ठरोगाचे तपासणीवाले दोन्ही घरी आले असते, म्हणून नाही म्हणाली.

"तुमना तोंडवर माले भरोसा नही," म्हणाली. "पण दुसरा डॉक्टर माले माहीत नही."

उद्या तिला घेऊन जाते आहे. ताईबाईला ही एकच गोष्ट सांगावीशी वाटते. आणि हीच सांगता येत नाही.