कोड आलेलं झाड

संभाजीनगर
१८ मे २०२५

चि. करुणाला आईचा जय भीम.

मी बरी हाये. गुडघे दुखत्यात, ते सोड. तू फोन उचलत नाय म्हणून कागद लिहायला घेतला. चौथीच शिकले, अक्षर लागंल तसं लाव.

आधी तुझ्या भावजयीची तक्रार. मोनिकानं अंगणात हिरवी जाळी बांधून मॉन्स्टेरा का काय त्याच्या वीस कुंड्या विकायला मांडल्यात. ना फळ, ना भाजी. सुपाएवढं पान, त्याला भोकं, अन् वर पांढरे चट्टे. वांग्याचं पान असं झालं तर आपण खुडून टाकतो का नाय? एप्रिलात ती पोरीला डोस द्यायला दवाखान्यात गेली, अन् मी कात्री घेऊन सगळी डागी पानं उतरवली. झाडं कशी साफ दिसायला लागली!

आली अन् मटकन खालीच बसली. "आई, काय केलं हो हे? त्या पांढऱ्यासाठीच तर लोक येतात!"

"कोड हाये ते," मी म्हणलं. "पसरलं असतं समद्यांवर."

तशी ती उठली. आवाज चढवला नाय. म्हणली, "म्हणूनच करुणाताईंना मागच्या खोलीत बसवलं होतं का, आमचे लोक घर बघायला आले तेव्हा?"

सांग, सासूला असं बोलतात व्हय? संघपालनंच सांगितलं असणार. बायकोला काय सांगायचं, पोटात काय ठेवायचं, कळत नाय त्या गाढवाला.

नंतर शहागंजची एक बाई आली. टाकीमागची एक कुंडी माझ्या नजरेतून सुटली होती. त्या पानावर हात फिरवून म्हणती, "किती देखणं!" माझं टाळकंच फिरलं. झाडाचा डाग देखणा, अन् माणसाला आला की लोक चहा न पिता उठतात!

मोनिका म्हणली, "आई, आम्ही कुठं उठलो? तुम्ही आम्हाला बघूच दिलं नाय."



तिचं नुकसान झालं म्हणून उतरवलेली पानं मी पाण्यात ठेवली होती, सडली. नुसत्या पानाला मूळ फुटत नाय म्हणं, खोडाचा डोळा सोबत लागतो. मग टाकीमागच्या झाडाचं एक कांडं तिनं मला डोळ्यासकट कापायला लावलं. फुटलंय मूळ. मोठी आली शिकवणारी.

आता कामाचं. पोर पाच महिन्यांची झाली, अजून बिननावाची. छकुली, छकुली करतो. मोनिका हटून बसलीय, कानात नाव आत्याच सांगणार, नायतर बारसंच नाय. शेजारणी विचारत्यात, मी काय सांगू? वैजापूर काय परदेशात हाये? दोन वर्षं झाली तुला जाऊन.

तू जाताना विचारलं होतं, "आई, मी पुढं बसले असते तर काय झालं असतं?" मी भांडी घासत राहिले. लोक उठले असते तर उठू द्यायचे होते. मी भ्याले. तुला कोड हाये म्हणून नाय, मला जीभ नाय म्हणून तू आत बसली.

एक जूनला रविवार हाये. ये. लांब बाह्यांचं काय घालू नको, उकाडा लई हाये.

घरात वाट बघत बसणार नाय. सकाळपासून बसस्टँडवर उभी राहते, सगळ्यांदेखत.

तुझी आई,
कडूबाई