दुरुस्त झालेली घंटा पुन्हा बिघडवून देण्याच्या आदेशाबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय, मुख्य इमारत, पहिला मजला.

(मार्फत : विभागप्रमुख, संगणकशास्त्र. त्यांनी अर्ज वाचून "मी पाहिलाच नाही असं समजा" असे सांगितले आहे. कृपया तसे समजावे.)

विषय : घंटेच्या प्रोग्राममधील दुरुस्त झालेली चूक पूर्ववत करणे, व त्यापायी अडवून ठेवलेला विद्यार्थिनीचा परीक्षा अर्ज सोडणे, याबाबत.

संदर्भ : १) विद्यापीठ परिवारास ओपन सोर्सची ओळख करून देण्याविषयीचे आपले परिपत्रक.
२) आपला तोंडी आदेश, जिन्यात दिलेला.
३) आपला लेखी आदेश, तोंडी आदेश दिलाच नव्हता असे कळवणारा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करते की, परीक्षा अर्ज भरण्याची मुदत उद्या, शुक्रवारी, कार्यालय बंद होताना संपते. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा अर्ज आपल्या टेबलावर सहीविना पडून आहे. उद्या सही झाली नाही तर तिचे वर्ष जाईल. बाकी सारे या अर्जात सावकाश वाचले तरी चालेल. एवढे मात्र आधी वाचावे.

१. संदर्भ १ मध्ये "विद्यापीठ परिवारातील प्रत्येक घटकास ओपन सोर्स सॉफ्टवेअर विकासाची प्रत्यक्ष कामातून ओळख करून द्यावी" असे म्हटले होते. अशा परिपत्रकाचा अर्थ एक फलक, एक उद्घाटन आणि एक सामूहिक छायाचित्र असा असतो, हे माझ्या सहकाऱ्यांना ठाऊक होते. मला कोणी सांगितले नाही. मी परिपत्रक वाचले आणि त्यात लिहिले होते ते करायला घेतले. या प्रकरणात माझ्याकडून काही आगळीक झाली असेल तर ती इथे झाली.

२. त्यासाठी मला जिन्याखालची, झेरॉक्सच्या शेजारची खोली मिळाली. तीत आम्ही दर बुधवारी बसू लागलो. पहिल्या दिवशी मी सर्वांना साध्या शब्दांत सांगितले, तेच इथे सांगते. ओपन सोर्स म्हणजे असा प्रोग्राम, जो कोणालाही उघडून वाचता येतो. चूक दिसली तर कोणीही दाखवू शकते, दुरुस्ती सुचवू शकते. मात्र दोन अटी आहेत. दुरुस्तीसोबत तिचे कारण लिहावे लागते आणि ती दुसऱ्या कोणीतरी तपासून होकार द्यावा लागतो; एकाही सदस्याने नकार दिला तर ती अडते. आपलीच दुरुस्ती आपणच मंजूर करायची नाही. हे ऐकून लेखा विभागातील एक गृहस्थ उठून गेले आणि परत आले नाहीत. बाकीचे मात्र टिकले : विद्यार्थी, ग्रंथालय सहायक, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, वसतिगृहाच्या अधीक्षकबाई आणि कधीमधी माळीकाका, बागेच्या पंपाचे बटण त्याच खोलीत आहे म्हणून.

३. सरावाला खराखुरा प्रोग्राम हवा होता. आपल्या कार्यालयानेच तासाच्या घंटेचा प्रोग्राम सुचवला. "त्यात काय बिघडणार" अशी शिफारस फाईलवर आहे. तो आम्ही इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. तेव्हापासून घंटेचा संगणक रोज पहाटे तिथला मंजूर झालेला प्रोग्राम उचलतो आणि दिवसभर त्याप्रमाणे घंटा देतो. तिसऱ्याच बुधवारी सदर विद्यार्थिनीने हात वर केला. तिला सगळे चिमणी म्हणतात, कारण अंगाने एवढीशी आहे आणि तिची टकळी थांबत नाही. तिने दाखवून दिले की, प्रत्येक तास पन्नास मिनिटांचा असताना शेवटच्या तासापुढे कोणीतरी अडतीस लिहून ठेवले आहे. म्हणजे शेवटची घंटा रोज बारा मिनिटे आधी होते, आणि वर्षानुवर्षे होत आली आहे.

४. ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती असे माझे म्हणणे नाही. सर्वांच्याच लक्षात आली होती. मी स्वतः याच घंटेवर घरी जात आले, आणि एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. चिमणीने दुरुस्ती टाकली आणि कारण लिहिले : "शेवटच्या तासाचा विषय दरवर्षी अर्धा राहतो. शेवटचं प्रकरण आम्ही आपापलं वाचतो आणि त्यावरच नापास होतो." प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञांनी तपासून होकार दिला. दुसऱ्या दिवसापासून घंटा बरोबर झाली.

५. तिचे परिणाम आपण जाणताच. पहिले आठ-दहा दिवस जुन्या वेळेला मुख्य इमारतीचा जिना माणसांनी भरून जाई. हातात डबे, खांद्याला पिशव्या, आणि कोणालाच आपण का उठलो हे सांगता येईना. शरीराला सवय, दुसरे काय. आपणही त्या जिन्यात भेटलात. तिथेच संदर्भ २ झाला. आपले शब्द होते, "बाई, होतं तसं करून टाका बरं." मागाहून एका कर्मचाऱ्याच्या तोंडी तक्रारीचा हवाला देऊन संदर्भ ३ आला की, पूर्वीची चूक तत्काळ पूर्ववत करावी.

६. आदेश शिरसावंद्य मानून मी त्याच दिवशी चूक दाखल केली. कारण या जागी "वरिष्ठांचा आदेश" असे लिहिले. ग्रंथालय सहायकांनी ती नाकारली. पुन्हा दाखल केली, अधीक्षकबाईंनी नाकारली. तिसऱ्या खेपेला परदेशातील एका सदस्याने नाकारली. हा मनुष्य आपले विद्यापीठ कधी पाहिलेला नाही, उद्याही पाहणार नाही. आपल्या दिवसा त्याची रात्र असते आणि तो जागाच असतो, म्हणून मुले त्याला घुबड म्हणतात. त्याने अदबीने कळवले की, "हे कारण नाही, हा हुद्दा आहे." (भाषांतर चिमणीचे.) यावर, कुलसचिवांचा आदेश नाकारणाऱ्या व्यक्तींची पदनामे व वेतनश्रेणी कळवावी, असे आपले पत्र आले. घुबडाची वेतनश्रेणी मला मिळू शकली नाही.

७. मग मीच माझ्या चुकीला मंजुरी द्यावी, असे सुचवण्यात आले. तसे करता येत नाही. त्यासाठी नियम बदलावा, असे सुचवण्यात आले. नियम बदलण्याचा प्रस्तावही इतरांनी मंजूर करावा लागतो. तो मी कर्मचारी म्हणून मांडला आणि सदस्य म्हणून त्याच्या विरुद्ध मत दिले. दोन्ही कर्तव्ये पार पडली. दरम्यान भांडारपालांना पाठवून घंटेच्या संगणकात थेट चूक घालण्यात आली. पण पहाटे त्याने मंजूर प्रोग्राम पुन्हा उचलला आणि घंटा पुन्हा बरोबर झाली. असे त्यांनी सलग चार दिवस केले. पाचव्या दिवशी त्यांनी हात टेकले आणि आमच्या बुधवारच्या बैठकीला आले. आता ते नियमित येतात.

८. अखेर आपण कारणशोध समिती नेमली. समितीने तीन कारणे पाठवली. पहिले, परंपरा. दुसरे, वीजबचत, पण विद्यापीठाच्या इलेक्ट्रिशियनने लेखी दिले की घंटेने दिवे बंद होत नाहीत. तिसरे कारण लखोट्यात होते आणि लखोट्यावर "गोपनीय" असा शिक्का होता. ते कारण सर्वांसाठी खुल्या जागी कसे लिहावे अशी मी पृच्छा केली. समितीचे उत्तर आलेले नाही, समिती मात्र अजून आहे.

९. इथवर जे झाले त्याबद्दल माझी तक्रार नाही. कार्यालय म्हटले की असे चालायचेच. परंतु गेल्या सोमवारी आपण चिमणीला नोटीस दिलीत की, "विद्यापीठाच्या यंत्रणेची हानी केल्यामुळे" चूक पूर्ववत होईपर्यंत तिच्या परीक्षा अर्जावर सही होणार नाही. नोटीस वाचून तिचे वडील आले. इस्त्रीचा सदरा घालून, सकाळपासून माझ्या दाराबाहेर उभे. बसा म्हटले तरी बसेनात. त्यांनी मला एवढेच विचारले, "मॅडम, पोरीनं नक्की काय मोडलं? मोडलं असेल तर मी भरून देतो." मी म्हटले, तिने काही मोडले नाही, नीट केले. त्यावर ते नोटीस घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "मग यात हानी का लिहिलंय?" चिमणी शेजारी खाली मान घालून उभी होती. ती पोर पहिल्यांदाच गप्प झालेली मी पाहिली. महोदय, मला त्या वेळी फार लाज वाटली. माझ्यासाठी नव्हे, या इमारतीसाठी.

१०. आता मुख्य बाब. काल बुधवारी आमच्या खोलीत आपल्या कार्यालयातील टेलिफोन ऑपरेटरताई आल्या. दारातच उभ्या राहिल्या आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "ती तक्रार माझी आहे. मी सहज बोलले होते हो. पोरीचं वर्ष जाईल असं मला काय माहीत!" मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि चिमणीनेच त्यांना खुर्ची दिली. त्यांचे धाकटे मूल रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात असते. पाळणाघर सकाळी हवे तितके लवकर उघडते, बंद मात्र पाचच्या ठोक्याला होते. जुन्या घंटेवर निघाले की त्या वेळेत पोचत. हल्ली पोचतात तेव्हा दाराला कुलूप असते आणि पोरगे बूट घालून, दप्तर पाठीला लावून पायरीवर बसलेले असते. "रडत नाही. नुसतं बघत असतं रस्त्याकडे," असे त्या म्हणाल्या.

११. मी त्यांना म्हटले, हे इथे लिहा. त्या घाबरल्या; लेखी काही देणे नको म्हणाल्या. कारणांवरही गोपनीय शिक्का मारणाऱ्या कार्यालयात राहून माणसाला अशी भीती बसणारच. भांडारपालांनी धीर दिला. तेव्हा त्यांनी दोन बोटांनी, अक्षर शोधत शोधत, एक ओळ टंकली : "माझं पाळणाघर पाचला बंद होतं, मला बारा मिनिटं हवीत." महोदय, तीन आठवड्यांत जुन्या घंटेच्या बाजूने आलेले हे पहिले खरे कारण. खोलीतल्या एक सोडून सर्वांनी होकार दिला. घुबडाने नंतर रात्री दिला. त्यानेही त्याच्याकडच्या एका पाळणाघराबद्दल लिहिले आहे, ते लांबलचक आहे, जोडलेले नाही.

१२. एकट्या चिमणीने नकार दिला. सर्वांनी तिच्याकडे पाहिले. तिच्या परीक्षेचा अर्ज त्या एका होकाराने सुटला असता, हे तिला चांगले ठाऊक होते. ती म्हणाली, "कारण बरोबर आहे ताई, पण दुरुस्ती चुकीची आहे. शेवटचं प्रकरण परत राहील." आणि तिने नवी दुरुस्ती मांडली : कोणताही तास कापू नये, सर्वच घंटा बारा मिनिटे अलीकडे घ्याव्यात. पहिला तास आधी सुरू होईल, शेवटचा पूर्ण पन्नास मिनिटांचा होऊन आधी संपेल. ऑपरेटरताईंनी ती तपासली, म्हणजे स्वतःच्या बोटांवर मिनिटे मोजून पाहिली, आणि होकार दिला. माळीकाका कुरकुरले, पण दिला. मीही दिला, जरी सकाळचे लवकर उठणे माझ्या जिवावर येते.

१३. सबब विनंती की :
(अ) "चूक पूर्ववत करावी" हा आदेश मागे घ्यावा. चूक आता कोणालाच नको आहे, ज्यांना हवी होती त्यांनाही नको आहे.
(ब) नोटिशीतील "हानी" हा शब्द काढावा. तिच्या वडिलांना तसे पत्र द्यावे. ते नोटीस खिशात घेऊन फिरत आहेत.
(क) चिमणीच्या परीक्षा अर्जावर उद्या सही करावी.
(ड) कामकाजाची वेळ ठरवण्याचा अधिकार आपला असल्याने नव्या वेळापत्रकास एक होकार कमी आहे, तो आपला. त्यासाठी आपल्या नावे आमच्या तिथे खाते उघडून ठेवले आहे. आपल्यालाही सकाळी बारा मिनिटे आधी यावे लागेल, ही गोष्ट मी लपवत नाही. तिथे काहीच लपवता येत नाही. आपण नकार देऊ शकता. आपला नकार कोणीही खोडणार नाही. फक्त त्याच्या शेजारी कारण लिहावे लागेल, आणि ते ऑपरेटरताई, चिमणी आणि तिचे वडील वाचू शकतील.

आपल्या होकाराच्या, अथवा कारणाच्या, प्रतीक्षेत,

आपली नम्र (नोंदीनुसार),
(सही)
सहायक प्राध्यापिका, संगणकशास्त्र विभाग
दिनांक : गुरुवार, शेवटच्या घंटेनंतर

सोबत :
१. परिपत्रकाची प्रत, ज्या ओळी मी खऱ्या मानल्या त्या अधोरेखित.
२. कारणशोध समितीचा लखोटा, न उघडता.
३. ऑपरेटरताईंचे कारण, एक ओळ.
४. माझा राजीनामा. चिमणीच्या अर्जावर सही न झाल्यास वापरावा. कारण लिहिलेले आहे.