शिक्का मिळेपर्यंत जमैका

पार्सिपनी, न्यू जर्सी
१९ मार्च २००६

ती. मोहनकाकांना गुरुदत्तचा नमस्कार.

पत्राच्या डोक्यावर ‘श्री’ नाही हे तुमच्या लगेच लक्षात येईल. सुतकात घालत नाहीत, हे बाबांनीच शिकवलं होतं. तुमचा गुडघा कसा आहे? घाटावर तुम्ही तीन तास उभे होता असं आई म्हणाली. माझ्या जागी उभे होता, तेव्हा खरं तर गुडघ्याची चौकशी मी करू नये, पण पत्रात प्रकृती विचारायचीच असते. इकडे राधिका आणि रीमा बऱ्या आहेत. मीही वजनाने वाढलो आहे, त्याचं कारण पुढे येईल.

हे पत्र खरं म्हणजे बाबांचं. एस.टी.त जन्मभर गाड्यांच्या वेळा लावलेला माणूस, त्यांना माझ्याकडून प्रवासाची पत्रंच हवी असायची. कुठून सुटलास, कुठे थांबलास, किती उशिरा पोचलास, एवढं लिही, देखाव्यांचं मी बघून घेतो, असं म्हणायचे. हे पत्र मनात पंधरा दिवस लिहीत होतो. वाचणारा गेला, म्हणून तुमच्या गळ्यात मारतो आहे.

तर फेब्रुवारीतल्या लाँग वीकेंडला आम्ही तिघं चार दिवसांसाठी जमैकाला गेलो. (नागपूरला यायचं तर तीन आठवड्यांची रजा लागते, ती मिळत नाही, बेट चार दिवसांत उरकतं. शिवाय आपल्या पासपोर्टला व्हिसा न मागणारा देश दिसला की आमच्यासारख्यांना भरून येतं.) माझ्या अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपला होता, मुक्कामाचा कागद मात्र पक्का होता. अल्फारेटाचा माझा मित्र शंतनू म्हणाला, ‘‘यार, कॅनडाला चालतं तसं आयलंडलाही चालतं. मी स्वतः ट्रॅव्हल केलंय.’’ आम्ही लोक वकिलाला विचारत नाही, आधी जाऊन आलेल्याला विचारतो. शंतनू खोटं बोलला नव्हता. फक्त तो गेला तेव्हा विद्यार्थी होता, आणि तो नियम विद्यार्थ्यांचा होता. हे मला माँटेगो बेच्या विमानतळावर, बॅगा चढवल्यावर, काउंटरवरच्या बाईंनी फार गोड आवाजात समजावलं. राधिकाचा शिक्का ताजा होता, कारण गेल्या वर्षी ती नागपूरला आली होती. रीमा जन्माने इथली. त्या दोघी विमानात बसल्या. गेल्या वर्षी मीही यायचा होतो, पण ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता. आलो असतो तर शिक्काही मिळाला असता आणि बाबाही भेटले असते. हे वाक्य मी फार वेळा घोकलं आहे, म्हणून एकदा लिहून टाकतो.

व्हिसाची मुलाखत दोन आठवड्यांनी किंग्स्टनला होती. बाबांना फोन केला, तर काका, ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, आईला सांगू नकोस, ती उपास धरेल. अडकलाच आहेस तर सगळा मुलूख बघ आणि मला क्रमाने लिही. मग मी नकाशा घेतला आणि त्यांच्यासाठी गावांची यादी केली. आईसाठी मी तेव्हापासून न्यू जर्सीच्या ऑफिसात होतो.

तिथल्या मिनीबसला वेळापत्रक नाही, भरली की सुटते. आणि भरली हे कोण ठरवतं ते कळत नाही. माझ्या मांडीवर अनोळखी बाईंचा फणस होता, आणि गाडी डोंगरात अशी वळत होती की सगळे प्रवासी एकदमच देवाचं नाव घेत होते. बाबांनी तो ड्रायव्हर त्याच दिवशी सस्पेंड केला असता. तीन तास वीस मिनिटांनी मँडेव्हिलला पोचलो. लाल माती, थंड हवा, थोडं चिखलदऱ्यासारखं. तिथे मिस मॅक्सीन महाराज यांच्या घरी खोली घेतली. त्यांचे पणजोबा ऊसतोडीच्या करारावर हिंदुस्थानातून आलेले. पाच वर्षांसाठी आले होते, असं म्हणून त्या हसल्या आणि माझ्या पानात आणखी रोटी आणि बोकडाचं कालवण वाढलं. (वजन ते हे.) माझा व्हिसा सहा वर्षांचा आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

सहा मार्चला किंग्स्टन. मुलाखत घेणारा सभ्य होता. जास्तीची तपासणी लागेल, तोवर पासपोर्ट इथे राहील, म्हणाला. मीच तो खिडकीतून आत सरकवला, वर थँक्यूही म्हणालो. आठ तारखेला मँडेव्हिलला राधिकाचा फोन आला, बाबांना अटॅक आला म्हणून. मी किंग्स्टनला परत गेलो, कागद दाखवले, पण पासपोर्ट तपासणीला पुढे गेला होता. चार दिवस रोज वकिलातीच्या फाटकापाशी उभा राहिलो. बाबा गेले, आणि बारा तारखेला तुम्ही अग्नी दिला तेव्हा मी किंग्स्टनच्या बसस्टँडवर पोर्ट अँटोनियोच्या गाडीत बसलो होतो. खोलीत बसवेना, आणि बाबांच्या यादीत तेवढंच गाव उरलं होतं. रस्ताभर खिडकीकडे तोंड करून रडलो. शेजारच्या आजीबाईंनी काही न विचारता माझ्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं. तीन तास पाच मिनिटं. गाव सुंदर आहे, बंदरं दोन.

तिथल्या न्हाव्याला डोकं आणि मिशी दोन्ही काढ म्हणालो. इतके चांगले केस काढायला तो तयार होईना, तीनदा विचारलं. वडील गेले म्हटल्यावर त्याने रेडिओ बंद केला आणि दुकानातल्या सगळ्यांना गप्प बसवलं. काका, बाबांसाठी शांतता पाळली ती त्या पाच माणसांनी.

पंधराला पासपोर्ट आला, सोळाला नेवार्क. अधिकाऱ्याने फोटो पाहिला, माझं तुळतुळीत डोकं पाहिलं, आणि पैज हरलास का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. शुक्रवारी ऑफिसात मॅनेजर म्हणाला, नाइस लुक. सत्ताविसाव्या दिवशी परतलो, त्यामुळे आता जूनपर्यंत रजेचं नाव काढायचं नाही, हेही हसतच म्हणाला.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
गुरुदत्त

ता. क. एक विनंती. तुम्ही अग्नी दिलात, त्याबद्दल काय लिहू? पण अस्थी माझ्या हातून सोडायच्या आहेत. घराबाहेर कुठे झाडाला टांगून ठेवा, पण जूनपर्यंत थांबा. हे पत्र त्यासाठीच आहे, बसचं सगळं उगाच.

ता. क. २. आईला वाचून दाखवताना जमैका गाळा. मी ऑफिसातच होतो.

ता. क. ३. परवा दहावा. पत्र पोचायला बारा दिवस लागतात, हे मला ठाऊक आहे. वेळापत्रक लावणाऱ्याचा मुलगा आहे. काल संध्याकाळी फोनवर तुम्ही ‘‘आणखी काही?’’ म्हणून विचारलंत, तेव्हाच हे मागता आलं असतं. तुम्ही ‘‘बरं, थांबतो’’ म्हणाला असतात, आणि मग मला यावं लागलं असतं.