आयेच्या कंबरेला जुळवलेले शॉकअप

बाबा, तुझी ती मोटरसायकल आज दिवसभर डोळ्यांपुढून हलत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी टाकून दिलेली, खाऱ्या हवेनं गंजलेली, आणि आपल्या मुरुडच्या कोळीवाड्यात जिच्यावर बसायला फक्त कोंबड्या तयार होत्या, ती. साठच्या दशकातली गोष्ट. आये धक्क्यावर घसरून पडली, तिची कंबर गेली, तेव्हा तू ती घरी आणलीस. आये सुकी मासळी घेऊन दर आठवड्याला एस्टीनं माणगावच्या बाजाराला जायची. आता एस्टीच्या मागच्या बाकावरचे दणके तिला सोसेनात. आणि बाजारातली तिची जागा आजीकडून आलेली. तिला कागद नाही की पत्तर नाही. जी येऊन बसेल तिची. चार बाजार चुकले की तिथे दुसरीची मासळीची पाटी लागणार. आये अंथरुणात रडायची ती कंबरेसाठी नाही, त्या जागेसाठी.

गाडीचे मागचे शॉकअप, म्हणजे दणके खाणाऱ्या त्या दोन स्प्रिंगा, पार मेलेले होते. तू एका मोडक्या, जड मोटरसायकलचे काढून आणलेस. ते बोटभर लांब निघाले. बसवले तर गाडीचं बूड वर आणि तोंड खाली. तू हात कमरेवर ठेवून बघत राहिलास. "हिची नाळ पान्यात चाललीय," म्हणालास. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. ते वर नसलं की तुला घास गोड लागत नसे. मग स्प्रिंगेखालचं कडं फिरवून तू मागची बाजू अगदी मऊ केलीस, वर पाटीही पार मागे बांधलीस. गाडी नाक उचलून ऐटीत उभी राहिली. आये काष्टा आवळून, दोन्हीकडे पाय टाकून बसली. आळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पहिल्याच चढाला पुढचं चाक हलकं पडलं आणि हँडल लटपटायला लागलं. तू कशीबशी गाडी थांबवलीस, पण पाटी सुटून सगळी सुकट रस्त्यावर. परत आलात ते गाडी ढकलत. आयेचा पट्टा अंगणातही चालूच होता. "अवो, ही होडी न्हाय! हिच्याखाली पानी हाय का?" आख्ख्या कोळीवाड्याचं न ऐकणारा तू, त्या दिवशी खाली मान घालून उभा होतास.

त्यानंतर तू आयेलाच गाडीवर बसवून ठेवलंस. मला अजून ते अंगण दिसतं. मी शाळेतून येते आहे, आये मोटरसायकलवर बसून बोंबील निवडते आहे, तिच्या पाठीला चिकटून, मासळीच्या वजनासाठी ओल्या वाळूनं भरलेली पाटी, आणि तू मागच्या चाकाशी उकिडवा. कडं जरा फिरवतोस, गाडी दाबतोस, विचारतोस, "आता?"

"टोचतंय."

"आता गं?"

"डुलतंय. मला वकारी येईल."

पुन्हा फिरवतोस. होडीला कधी इतकं गोंजारलं नसशील. मला तर हेवा वाटायचा आयेचा, खोटं कशाला बोलू. मग एका संध्याकाळी तू गाडी दाबलीस आणि आये तशीच बोंबील निवडत राहिली. "ऱ्हाऊ दे आता," एवढंच म्हणाली.

पुढच्या बाजाराला गेलात तेव्हा तिच्या जागेवर दुसरी येऊन बसलेलीच होती. आयेनं तिला काय काय सुनावलं ते तू रात्री जेवताना नकला करून सांगितलंस. त्या बाईनं जागा सोडली. पुढे किती वर्षं आये तिथे बसली.

तू गेलास, मग आयेही गेली. माझे हे चांगले आहेत बाबा. पगार हातात देत आले, कधी आवाज चढवला नाही, माहेरच्यांना नावं ठेवली नाहीत. तरी लग्न झाल्यापासून मी ह्यांना तुझ्या त्या गाडीशेजारी उभं करून मोजते आहे, आणि बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही. हे लिहिलेलं मी पिठाच्या डब्याखाली ठेवते आहे. तिथे ह्यांचा हात कधी जात नाही. खरं सांगू, एकदा तरी जावा असं वाटतं.