मेबल माझ्या संरक्षणाखाली

२ सप्टेंबर, सकाळ
इथे ऑस्ट्रेलियात कालच वसंत लागला. संकल्प: या वसंतात आमच्या गल्लीत एकही कोआला मरणार नाही. माजावर आलेली जनावरं झाडांवरून उतरतात, रस्त्यावर येतात आणि माणूस नावाचा राक्षस त्यांना चिरडतो. या राक्षसाला मी ठोकून काढणार. शस्त्रं: क्रिकेटची बॅट आणि मेजर. मेजर हा आमचा कुत्रा. अंगाने रेडा, मनाने मेंढरू.
खास लक्ष मेबलवर. समोरच्या निलगिरीवरची मादी. तिच्या पिशवीत पिल्लू आहे, असं शेजारची ग्लेनिस सांगते. ग्लेनिस जखमी प्राणी घरी आणून वाढवते, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा तिचा समज आहे.

५ सप्टेंबर, संध्याकाळ
पहिली कारवाई. पिकअपवाला सुसाट आला. बॅट फिरवली. हेडलाइट फुटला. उतरून म्हणतो, म्हाताऱ्या, डोकं फिरलंय का तुझं? म्हटलं, कोआला वाचवतोय. तर म्हणे, कुठाय कोआला? कोआला तेव्हा झाडावर झोपला होता, पण हा फक्त तांत्रिक मुद्दा. त्याने माझ्या नाकावर गुद्दा हाणला. रक्त बरंच आलं.
नैतिक विजय माझाच. बायको, नोएलीन, म्हणाली की आधी नाकाला बर्फ लाव, मग नैतिक काय ते बघ.

११ सप्टेंबर
मेबल भर दुपारी रस्त्यात बसलेली. धावत जाऊन उचलली. तिने दंड उभा फाडला आणि कोपराचा लचका तोडला. तरी मी सोडली नाही. खरं तर तीच मला सोडत नव्हती. टाके पडले. डॉक्टरने विचारलं, मगर होती का रे?
ग्लेनिस कुंपणावरून ओरडली की अरे शहाण्या, टॉवेल टाकून धरायचं असतं, आणि तुझा तो कुत्रा आधी बांध! मेजरला बांधायचं? बांधलेला पहारेकरी काय कामाचा? शिवाय तो मनाला लावून घेतो.
मेबलला माझा लळा लागलाय.

१९ सप्टेंबर
पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर झाडं तोडायला माणसं आली. मेजरने एकाची पँट फाडली, पँटच्या आतलंही थोडं फाडलं. करवती टाकून पळाले लेकाचे. रक्त बघून मला अभिमान वाटला. लिहू नये, पण वाटला. पोलीस समज देऊन गेले. मेजरला दोन सॉसेज जास्त.

२० सप्टेंबर
प्लॉटवरची झाडं पडली. मी दाताच्या डॉक्टरकडे होतो. नाहीतर दाखवलं असतं.

२८ सप्टेंबर
महायोजना! झाडावर पॉसम, म्हणजे मांजराएवढं पाला खाणारं जनावर, चढू नये म्हणून आमच्याकडे बुंध्याला पत्रा गुंडाळतात. नखं घसरतात, जनावर वर जात नाही. मेबल उतरून फिरायला गेली ती संधी साधून रस्त्याकडच्या सगळ्या झाडांना पत्रे ठोकले. आता कोआला रस्त्याकडे फिरकणारच नाहीत. येतील ते थेट माझ्या परसातल्या निलगिरीकडे. त्यासाठी कुंपणाच्या फळ्याही काढून ठेवल्या. गल्लीतलं सर्वात सुरक्षित परस!
ग्लेनिस म्हणाली, बेव्हन, अरे तुझ्या परसात मेजर मोकळा असतो. म्हटलं, म्हणूनच तर. ती नुसती बघत राहिली. थक्क झाली असावी.

६ ऑक्टोबर, सकाळ
मेबल आली! फळ्यांच्या फटीतून आत शिरताना खिडकीतून दिसली. योजना शंभर टक्के यशस्वी. नोएलीनला उठवून दाखवतो.

६ ऑक्टोबर, दुपार
मेजरने तिला मानेला धरलं. झटकलं. पुन्हा झटकलं. कोआलांचं ओरडणं जन्मभर ऐकलंय, असं कधी ऐकलं नव्हतं. मी बॅट मेजरच्या पाठीत घातली, मग डोक्यात. तो सोडेना. शेपटी हलवत माझ्याकडे बघत होता, सांगितलेलं काम केल्यासारखा. नोएलीनने पाण्याचा पाइप त्याच्या तोंडावर सोडला तेव्हा कुठे मेबल सुटली. तोवर मेली होती.
ग्लेनिस त्याच फटीतून आत आली. गुडघे टेकून तिने पिशवीत हात घातला. रस्त्यावर मेलेलं जनावर दिसलं तरी आम्ही आधी पिशवी बघतो, पण आज मला ते सुचलंच नाही. पिल्लू जिवंत होतं. तिने ते शर्टाच्या आत घेतलं आणि आली तशी फटीतून परत गेली.

९ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. दोष प्लॉटवाल्यांचा. मेजरला रक्ताची चटक त्यांनी लावली. थोडा मेबलचाही. तिने भुंकणं ऐकून परत फिरायला हवं होतं.
मेजरला आज इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं. शेवटपर्यंत माझा हात चाटत होता. गाडीत बसून खूप रडलो.

२ नोव्हेंबर
ग्लेनिसने अखेर पिल्लू बघायला बोलावलं. मीच रोज विचारत होतो. साबण लावून दोनदा अंघोळ केली, नवा शर्ट घातला, आफ्टरशेव्ह लावलं. पिल्लू कापडी अस्वलाला घट्ट मिठी मारून बसलं होतं. मेबलचंच नाक. मी हळूच हात पुढे केला.
ते किंचाळलं. तान्हं बाळ किंचाळतं तसं. अस्वल टाकून ग्लेनिसच्या मानेवर चढलं, तिची मान ओरबाडून रक्त काढलं, तरी थांबेना. ती हळू आवाजात म्हणाली, बेव्हन, तू बाहेर जा. तुझ्या अंगाला कुत्र्याचा वास येतोय त्याला.
शक्यच नाही. आफ्टरशेव्ह जरा जास्त झालं असणार.